एका खुर्चीला पिवळा ठिपका

गाडी भरायची तर जड ते सगळ्यात खाली, आणि जे आधी लागणार ते सगळ्यात शेवटी. ताईचं अर्धं आयुष्य लोकांना एवढंच सांगण्यात गेलं होतं. लोक ऐकत नसत. लोक गादीच्या घडीत काचेचे पेले कोंबत, इस्त्रीला टेकवून आरसा ठेवत, आणि मग काही फुटलं की बांधणाऱ्यांच्या नावाने खडे फोडत. घरं हलवून देणाऱ्या कंपनीत ती सामान बांधायला लागली तेव्हा तिच्या वेण्या काळ्या होत्या. आता तिथे तिच्याहून जुनं फक्त गोदामाचं छप्पर उरलं होतं, आणि तेही गळायला लागलं होतं.

अशा बाईला स्वतःची गाडी भरता येऊ नये, याला काय म्हणावं? सकाळपासून तिचं घरातून खाली गाडीपाशी आणि गाडीपासून वर घरात चाललं होतं. स्टोव्ह आत गेला, पाण्याचे कॅन आत गेले, झोपायची पिशवी, जॅक, ओढायचा दोर, रेनकोट, औषधांचा डबा, सगळं चपखल बसलं. मागचं दार लावून ती हात झटकते न झटकते तोच लक्षात आलं की टॉर्च अगदी तळाशी गेलाय. पुन्हा सगळं बाहेर. दुसऱ्यांचं सामान बांधताना काय कुठे ठेवायचं हे तिला बघताक्षणी कळायचं. पण वाटेत आपल्याला स्वतःला काय लागेल, हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

"एवढं मोठं पातेलं कशाला?" बाबा खिडकीतून म्हणाले. चहाचा कप हातात धरून ते सकाळपासून तिथे पहाऱ्याला बसले होते. "वाटेत खानावळ काढणार आहेस का?"

"पाणी तापवायला लागेल, बाबा."

"मग लहान ने. एकटीला कितीसं पाणी लागतं?"

ताईने मुकाट्याने पातेलं बदललं. म्हाताऱ्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते बरोबर असल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

जायचं होतं पार उत्तरेला, जिथे रस्ता संपतो आणि पुढे नुसतं पाणी असतं तिथवर. एकटीने. या 'एकटीने'वर सगळ्यांनी आपापल्या परीने तोंडसुख घेतलं होतं. गोदामाच्या मालकांनी विचारलं, तिकडे कुणाचं घर हलवायचंय का? शेजारीण म्हणाली, एकटीने जायचं तर घरीच काय वाईट आहे? ताई हसून सोडून देई. ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून तिने पुष्कळ मुलूख पाहिला होता, पण प्रत्येक रस्ता शेवटी कुणाच्या तरी दारात जाऊन थांबायचा. सामान उतरवायचं, सही घ्यायची, माघारी फिरायचं. अशीच एकदा उत्तरेकडच्या एका गावात त्यांनी एक घर उतरवलं होतं. ट्रक वळवताना तिला दिसलं की रस्ता त्या घरापाशी थांबलेला नाही, तो टेकडी चढून पलीकडे गेलाय. "पुढे काय आहे?" तिने ड्रायव्हरला विचारलं. "पुढे काय असणार," तो जांभई देत म्हणाला, "रस्ता." तेव्हापासून तो रस्ता तिच्या डोक्यात जाऊन बसला होता.

पण डोक्यात बसलेलं सगळं पायात कुठे उतरतं? आई गेली, धाकट्या भावाचं शिक्षण निघालं, मग बाबांचे गुडघे गेले. या सगळ्यांच्या रांगेत ताईचं लग्न मागे पडत पडत दिसेनासं झालं, तिथे प्रवासाची काय कथा. धाकटा लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. ताई आणि बाबा या चढणीवरच्या घरात राहिले. घराला रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्याच पायऱ्या. बाबांना खाली उतरायचं तर एक हात कठड्याला आणि दुसरा ताईच्या खांद्याला, आणि तोंडाने घर बांधणाऱ्याचा उद्धार.

आणि मग यंदा, कुणाला काय झालं कोण जाणे, बाबाच म्हणाले, "जा की एकदा. किती वर्षं त्या रस्त्याचं नुसतं बोलतेस." ताईला आधी वाटलं, चिडवतायत. मग धाकट्यानेही तेच लावून धरलं. माझी जुनी गाडी ने, म्हणाला. मागचं बाकडं काढून तिथे झोपायला फळी बसवून दिली, टायर बदलले, बॅटरी बदलली, नकाशा आणून कुठे मुक्काम करायचा ते तिच्याबरोबर बसून ठरवलं. महिनाभर बाबांपाशी मी येऊन राहतो, म्हणाला. ज्या धाकट्याला बहिणीचा वाढदिवस बायकोने आठवण करून दिल्यावर आठवायचा, तो रोज फोन करायला लागला. ताई त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून रडली. आपल्यासाठी कुणी एवढं करावं याची तिला सवय नव्हती.

मागच्या पंधरवड्यात एका रविवारी तर त्याने कमालच केली. "गाडी एकदा लांबवर हाणून बघ," म्हणाला. "हिलाही सोबत ने, तिलाही तेवढीच हवा लागेल. बाबांपाशी मी बसतो." ताई आणि भावजय तळ्यापर्यंत जाऊन आल्या. ब्रेक उत्तम, गिअर जरा अडतो, भावजय दिवसभर खिडकीबाहेर बघत गप्प. ताईला वाटलं, गाडी लागते बिचारीला.

तर असा सगळा थाट होता. उद्या सकाळी निघायचं होतं, आणि आज टॉर्च तळाशी गेला होता. ताईने तो शोधून काढला, सेल बदलायला म्हणून स्वयंपाकघरातल्या जेवायच्या टेबलापाशी बसली, आणि नवा सेल हातातून निसटून टेबलाखाली घरंगळला. ती गुडघ्यांवर खाली गेली. सेल भिंतीशी सापडला. उठता उठता डोकं आपटू नये म्हणून तिने वर पाहिलं, तर टेबलाच्या खालच्या अंगाला, आतल्या कोपऱ्यात, नखाएवढा लाल ठिपका चिकटवलेला होता.

हे ठिपके काय असतात ते ताईइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ती पद्धत तिनेच काढली होती. घर हलवायचं ठरलं की आधी कंपनीचा माणूस जाऊन सगळं बघून येतो आणि कुठली वस्तू कुठे जाणार त्याची खूण करतो. पूर्वी कपाटांवर मोठाले कागद लावत. एका म्हातारीने आपल्या कपाटावर लाल कागद पाहून असा हंबरडा फोडला की काम करणाऱ्यांचे हात गळून गेले. तेव्हा ताईने मालकांना सांगितलं, ठिपका लावायचा तो लहान, आणि खालून, गिऱ्हाइकाच्या नजरेला पडणार नाही असा. निळा म्हणजे पहिला पत्ता. पिवळा म्हणजे दुसरा पत्ता, घरातली माणसं दोन ठिकाणी जाणार असली तर. लाल म्हणजे कुठेच नाही, ते भंगारवाला नेईल.

आधी ती हसली. तिला वाटलं, माझ्याच बाहीला चिकटून आला असेल. कामावरून येताना असे ठिपके कधी केसांतून, कधी चपलेला चिकटून घरी यायचे. पण बाहीचा ठिपका टेबलाच्या आतल्या कोपऱ्यात, कडेपासून बोटभर आत, असा जाऊन बसत नाही. ती टेबलाखालीच बसून राहिली. मग तिने शेजारची खुर्ची उलटी केली. लाल. दुसरी, लाल. तिसरीही लाल. चौथ्या खुर्चीला पिवळा.

"काय शोधतेस गं?" पलीकडच्या खोलीतून बाबांनी विचारलं.

"सेल पडला होता."

"सापडला?"

"हो."

ती उठली आणि अख्खं घर पालथं घातलं, आवाज न करता. बाबांचा पलंग निळा. बाबांची आरामखुर्ची, रेडिओचं स्टूल, भिंतीवरच्या घड्याळाची मागची बाजू, निळी, निळी, निळी. आईचं कपाट लाल. ताईने कपाटाच्या तळाला बोट लावून तो ठिपका आहे की डाग आहे ते चाचपून पाहिलं. मग ती आपल्या खोलीत गेली आणि पलंगाखाली वाकली. पिवळा. तिचं लहान कपाट पिवळं. आरसा पिवळा. सगळं मिळून एका खोलीत मावेल एवढंच पिवळं होतं, आणि बसायला एक खुर्ची.

तिला कुणी काही सांगायची गरजच उरली नाही. अशी घरं तिने शेकड्यांनी वाचली होती. बाबा एका पत्त्यावर, आपण दुसऱ्या, मधलं सगळं भंगारात. घर रिकामं होणार, आणि ते ती रस्त्याच्या टोकाला पाणी बघत उभी असताना होणार.  तिने गाडीच्या किल्ल्या उचलल्या.

बाबांना 'जरा जाऊन येते' म्हणून ती निघाली आणि भरलेली गाडी तशीच गोदामाकडे पळवली. वाटेत मागे पातेलं खडखडत होतं. ते तिने नीट बांधलं नव्हतं.

गोदामात सगळे ज्याला मिशी म्हणत तो ढकलगाडीच्या चाकांना तेल देत बसला होता. खरं तर त्याच्या मिशा कधीच गेल्या होत्या, नाव तेवढं राहिलं होतं. ताईच्या हाताखाली तो तयार झाला, आणि आता घरं बघून ठिपके लावायला तोच जाई. ताईला दारात बघून त्याने तेलाचा डबा खाली ठेवला. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचलला.

"माझ्या घरी तू कधी आला होतास?" ताईने विचारलं.

"ताई..."

"रविवारी ना? मी तळ्यावर गेले होते तेव्हा."

मिशीने चाक फिरवलं. चाक बराच वेळ फिरत राहिलं. "तुझा भाऊ आला होता इथे. मालकांशी बोलला. म्हणाला, ताई प्रवासाहून येईल तेव्हा तिला सगळं नवं तयार मिळायला पाहिजे. तिला कळू द्यायचं नाही, गंमत आहे."

"आणि तुला गंमत वाटली?"

"आधी वाटली."

"मग?"

"मग आईच्या कपाटाला लाल लावा म्हणाला." मिशीने मान वर केली नाही. "तेव्हा नाही वाटली."

"तरी लावलास."

"काम होतं, ताई."

ताईला त्याच्या कानशिलात भडकवावीशी वाटली. तिने हात पाठीमागे घेतले. "मुकाट्याने कागदावर लिहून न्यायचं होतंस. ठिपके कशाला लावलेस? मी बघेन हे तुला कळलं नाही?"

"ठिपके लावल्याशिवाय मला घर बघताच येत नाही," मिशी म्हणाला. "तूच तसं शिकवलंस. निघाल्यावर कोपऱ्यापर्यंत गेलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की घर तुझं, ठिपके तुला दिसणार. परत काढायला येणार होतो, तर तुमची गाडी चढणीला लागलेली दिसली." जरा थांबून म्हणाला, "नंतर वाटलं, राहू दे. दिसले तर बरंच होईल."

त्याचं हे शेवटचं वाक्य खरं की आत्ता सुचलेलं, हे ताईला ठरवता येईना. इतकी वर्षं या माणसाबरोबर तिने पियानो जिन्यांवरून उतरवले होते. ओझ्याच्या दुसऱ्या टोकाला तो आहे म्हटल्यावर तिने कधी मागे वळून पाहिलं नव्हतं. तिने भिंतीकडे बोट दाखवलं. "खोकी दे थोडी. कागद आणि टेप पण."

मिशीने न विचारता काढून दिली, गाडीपर्यंत आणून दिली, आणि जागा नव्हती म्हणून पुढच्या सीटवर रचून दिली. ताईने त्याला 'येते' म्हटलं नाही.

ती घरी आली तेव्हा धाकटा आला होता. बाहेर पायरीवर इंजिन ऑइलचा डबा ठेवून तो आत बाबांपाशी बसला होता. "कुठे गेली होतीस ताई? शेवटचं ऑइल बघून घेऊ म्हटलं..." मग त्याला तिच्या काखेतली खोकी दिसली. त्यांच्यावर कंपनीचं नाव छापलेलं होतं. त्याचं वाक्य तिथेच तुटलं.

"कधी आहे?" ताईने विचारलं.

"काय?"

"मूर्ख समजू नकोस मला. मी टेबलाखाली जाऊन आलेय."

धाकट्याने बाबांकडे पाहिलं. लहानपणी काच फोडल्यावरही तो असाच आधी बाबांकडे बघायचा. "पुढच्या आठवड्यात," तो म्हणाला. "ताई, ऐकून घे. बाबांना या पायऱ्या झेपत नाहीत. माझ्याकडे लिफ्ट आहे, मागची खोली रिकामी आहे. घराला गिऱ्हाईक चांगलं मिळालं, ते थांबायला तयार नव्हतं. तुझ्यासाठी पण खोली बघितलीय, अगदी गोदामाजवळ, चालत जाशील. स्वच्छ आहे, उजेड आहे..."

"मी बघितलीय का ती?"

"तुला आवडेल."

"मी विचारतेय, मी बघितलीय का?"

"तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलंच नाहीस. टायर बदलून दिलेस, नकाशा आणलास. फळी ठोकलीस ती या हातांनी ना?" ताईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि त्यानेच धाकटा जास्त घाबरला. "केसाने गळा कापलास रे माझा. आणि मी मूर्खासारखी सगळ्या गल्लीला सांगत फिरले, माझा भाऊ बघा, माझा भाऊ माझ्यासाठी काय काय करतो."

"त्याला नको बोलूस," बाबा म्हणाले.

ताई वळली. म्हातारा आरामखुर्चीत ताठ बसला होता, दोन्ही हात काठीवर.

"मीच म्हटलं त्याला. ताई इथे नसताना करू या, हे माझंच म्हणणं."

भावाने दगा दिला, एवढ्यावर ताईने कसंबसं स्वतःला उभं धरून ठेवलं होतं. आता तेही उरलं नाही. ती भिंतीला टेकली. "का, बाबा?"

"तुझ्यासमोर माझ्याच्याने हे घर सुटलं नसतं. तू भांडली असतीस तर सोपं होतं. पण तू भांडणार नाहीस. तू गप्प राहणार, मला पायऱ्या उतरवणार आणि पायऱ्या चढवणार. तुझ्या तोंडाकडे बघून मी पुन्हा इथेच बसलो असतो." बाबांनी ओठ ओले केले. "मला वाटलं, तूही मोकळी होशील."

"मला मोकळं करायला मला बाहेर पाठवावं लागलं?"

ती भिंतीपासून सुटी झाली.

"तुम्ही म्हणालात, जा की एकदा. ते मला जायचं होतं म्हणून म्हणालात, की मी घरात नको होते म्हणून?"

"दोन्ही," बाबा म्हणाले.

"आधी काय होतं?"

म्हाताऱ्याने काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला.  ताईला उत्तर मिळालं. घर जाणार, बाबा जाणार, हे तिने कदाचित गिळलंही असतं. गुडघे खरोखरच गेले होते, पायऱ्या खरोखरच वाईट होत्या. पण तो रस्ता तिचा होता. सबंध आयुष्यात एवढी एकच गोष्ट तिने स्वतःसाठी मागितली होती, आणि तीही तिला यांनी आपल्या सोयीसाठी दिली होती. ज्या दिवशी नळ सोडून ती रडली होती, त्या दिवसाची तिला लाज वाटली, आणि त्या लाजेचाच सगळ्यात जास्त राग आला.

तिने खोकी जमिनीवर टाकली आणि एकेक उघडून त्यांचे तळ टेपने बंद करायला लागली.

"हे काय करतेस?" धाकटा म्हणाला. "ते लोक येतील ना पुढच्या आठवड्यात."

"ते लोक म्हणजे मीच रे. ते जे काही बांधतात ते मी शिकवलेलं आहे. काचा आडव्या ठेवतात अजून, कितीदा सांगितलं तरी." तिने टेप दातांनी तोडली. "तू बाजूला हो. उजेड अडतोय."

धाकटा बाजूला झाला. ताईने कागद पसरला, बाबांच्या कोनाड्यातला चष्म्यांचा डबा उचलला, आणि बाबांकडे न बघता विचारलं, "काका, हे हाताशी ठेवायचं की आत टाकू?"

बाबांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणालीस?"

"हाताशी लागणार आहे का, काका?"

गिऱ्हाईक म्हातारं असलं की त्याला काका म्हणायचं, बाई असली की काकू. त्या धंद्यात सगळे तसंच करतात. त्यात आदर असतो, गोडवाही असतो, आणि ट्रक निघाला की काही उरत नाही. धाकट्याच्या हे ध्यानात आलं आणि त्याचा चेहरा पडला. "ताई, असं नको करूस," तो म्हणाला.

"हाताशी," बाबा हळूच म्हणाले.

मग ते काम तसंच चाललं. ताई एक वस्तू उचली आणि विचारी, काका हे नाजूक आहे का, काका हे उभं न्यायचं की आडवं चालेल. बाबा उत्तर देत. आधी ते चिडले, "अगं मी बाप आहे तुझा," म्हणाले. ताई म्हणाली, "हो. हे नाजूक आहे का?" मग त्यांनी चिडणं सोडलं. रेडिओ गुंडाळताना त्यांचा आवाज कापायला लागला. ताईचे हात मात्र थांबले नाहीत. ती कागदाचे कोपरे दुमडत होती, पोकळ जागांत कपडे भरत होती, खोकं उचलून हलवून आत काही वाजतंय का ते ऐकत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं ते ती खांद्याला पुसत होती, कारण टेपला ओला हात चालत नाही. असं सुबक सामान तिने बऱ्याच दिवसांत बांधलं नव्हतं.

आईच्या कपाटापाशी ती आली आणि वाकून लाल ठिपका नखाने खरवडून काढला. त्या जागी दुसरा काही लावला नाही. "हे कुठे जायचं ते तुम्ही दोघं ठरवा," ती धाकट्याला म्हणाली. "पण भंगारात गेलं तर मला सांगायला येऊ नकोस."

"ताई, तू चाललीस कुठे? उद्या जायचंय ना तुला?"

"आत्ता जातेय."

"अशी? एवढं सगळं झाल्यावर?"

"एवढं सगळं झालं ते मी जावं म्हणूनच ना?"

 ताईने आपल्या खोलीतून पिशवी आणि स्वेटर उचलला, बाकी कशाला हात लावला नाही. पिवळं सगळं जिथल्या तिथे राहिलं. गाडीच्या किल्ल्या टेबलावर होत्या. त्या घेताना तिने एकवार बांधलेल्या खोक्यांकडे पाहिलं, आणि सवयीने तिला राहिलेला प्रश्न आठवला. काम संपल्यावर तो विचारल्याशिवाय कंपनीचं कुणी घराबाहेर पडत नाही. सामानाचे मालक गाडीबरोबर येतातच असं नाही, आणि बंद दारापुढे ट्रक उभा राहिला की सगळ्यांचा दिवस वाया जातो.

"काका," ती म्हणाली, "तिकडे सामान उतरवून घ्यायला घरी कोण असेल?"

धाकट्याने तोंड उघडलं. "मी... म्हणजे मला त्या दिवशी सुटी नाही. हिचीही..." तो थांबला. या गोष्टीचा त्याने विचारच केला नव्हता, त्या दिवसाचाही नाही आणि त्याच्या पुढच्या दिवसांचाही. सकाळी दोघं कामाला गेल्यावर मागच्या खोलीत म्हाताऱ्याला चहा कोण देणार, खोकी कोण उघडणार, हे त्याच्या नकाशात कुठेच नव्हतं.

बाबा मात्र गोंधळले नाहीत. त्यांना यात विचार करण्यासारखं काही दिसलंच नाही. "कोण म्हणजे?" ते म्हणाले. "तू असशील की."

 धाकट्याने मान खाली घातली. बाबा ताईकडे बघत राहिले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. त्यांचा हात काठीवरून सुटला आणि उतरायच्या वेळी खांदा शोधायला जायचा तसा पुढे आला.

ताईने तो हात पाहिला. किल्ल्या तिने मुठीत घट्ट धरल्या.

"मी नसेन, बाबा," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरायला लागली.